जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी : हलकी ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी?

बऱ्याच घरांत कपाटावर एक जुना लॅपटॉप पडून असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला. आता तो चालू केला की चहा होऊन पिऊन झाला तरी स्क्रीनवरचं गोल चक्र फिरतच असतं. इकडे मुलीला कॉलेजचं प्रोजेक्ट टाइप करायचं असतं, आजोबांना वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत वाचायचं असतं आणि नव्या लॅपटॉपसाठी तीस-चाळीस हजार लगेच काढणं जमत नसतं. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "त्यात लिनक्स टाक, पळायला लागेल." कधी तो खरंच पळतो. कधी मात्र घाईघाईत चुकीची सिस्टिम टाकली जाते, जुने फोटो पुसले जातात, वायफाय बंद पडतं आणि लॅपटॉप पुन्हा कपाटावर जातो.

फरक पडतो तो निवडीमुळे. ती निवड कशी करायची, ते इथे पाहूया.

हा प्रश्न आत्ताच का आला?

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट मिळण्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देण्यात आली. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज ८.१ चा जानेवारी २०२३ मध्येच संपला होता.

मग विंडोज ११ टाकावं, तर त्याच्या अटी कडक आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलच्या बाबतीत काही अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे साधारण २०१७ नंतरचे प्रोसेसरच अधिकृत यादीत आहेत. पिढी ओळखणं सोपं आहे. आय३-२३५०एम म्हणजे दुसरी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी.

सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण नव्यानं सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लागणं थांबतं. ज्या लॅपटॉपवर नेट बँकिंग, आधारशी जोडलेली कामं किंवा ऑफिसचा ईमेल उघडला जातो, त्याच्यासाठी हा खरा धोका आहे.

'हलकी' म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टिमचे ढोबळमानानं दोन थर असतात. आतला थर म्हणजे कर्नल. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय यांच्याशी बोलतो. बाहेरचा थर म्हणजे डेस्कटॉप : मेन्यू, खिडक्या, आयकॉन, सावल्या, अॅनिमेशन. लिनक्सवर आधारलेल्या बहुतेक सिस्टिममध्ये आतला थर सारखाच असतो. हलकेपणाचा मोठा फरक पडतो तो बाहेरच्या थरामुळे आणि मागे गुपचूप चालणाऱ्या कामांमुळे.

ग्नोम किंवा केडीईसारखे डेस्कटॉप देखणे आणि भरपूर सोयींचे असतात, पण जुन्या यंत्राला जड जाऊ शकतात. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप साधे असतात आणि कमी मेमरीत चालतात. त्याहून खाली आईसडब्ल्यूएमसारखे विंडो मॅनेजर येतात. त्यांत थाटमाट जवळजवळ नसतो, फक्त कामापुरती चौकट असते.

इथे एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. सिस्टिम कितीही हलकी घेतली तरी ब्राउझर हलका होत नाही. आजच्या वेबसाइटचे चार-पाच टॅब उघडले की तेवढ्यानंच एक-दीड जीबी रॅम सहज खाल्ली जाते. म्हणून "ही सिस्टिम फक्त २०० एमबीत चालते" अशा जाहिरातीवर भाळण्यात अर्थ नाही. ते आकडे काहीही न उघडता नुसत्या सुरू केलेल्या कॉम्प्युटरचे असतात. हलक्या सिस्टिमचा फायदा एवढाच की उरलेली मेमरी ब्राउझरला मिळते.

आधी लॅपटॉपची तपासणी

सिस्टिम निवडण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात.

१. रॅम किती आहे? विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम आणि अबाउट इथे ती दिसते.

२. प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट? त्याच पानावर ही माहिती असते. इथे अनेकांची गल्लत होते. विंडोज ३२-बिट असलं तरी प्रोसेसर ६४-बिट असू शकतो. 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलेलं दिसलं तर ६४-बिट सिस्टिम चालते. इंटेल कोर २ ड्युओ (२००६) आणि त्यानंतरचे आय३, आय५, आय७ हे सगळे ६४-बिट आहेत. अडचण येते ती २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमध्ये. त्यांतला अॅटम एन२७० हा प्रोसेसर फक्त ३२-बिट आहे.

३. हार्ड डिस्क आहे की एसएसडी? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये हे कळतं. जुना लॅपटॉप रखडण्यामागे बहुतेक वेळा फिरणारी हार्ड डिस्कच असते.

४. कशासाठी वापरायचा? टायपिंग, यूट्यूब आणि ऑनलाइन फॉर्म ही एक गोष्ट झाली. टॅली, डीटीपी किंवा डिजिटल सही ही अगदीच वेगळी.

रॅमनुसार निवड

४ जीबी किंवा जास्त, ६४-बिट : या गटात सगळ्यात बिनधोक निवड म्हणजे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मेन्यू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी मांडणी असल्यामुळे विंडोज वापरलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. मिंट किमान २ जीबी रॅम मागते, पण आरामात वापरायचं तर ४ जीबी हवी. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. घरातल्या वयस्कर माणसासाठी सिस्टिम टाकायची असेल तर ही लांब मुदत मोलाची ठरते, कारण दरवर्षी कुणाला बोलावावं लागत नाही.

याच गटात गुगलची क्रोमओएस फ्लेक्स येते. तिला ४ जीबी रॅम, १६ जीबी जागा आणि ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर लागतो. ब्राउझरमध्येच सगळं काम होत असेल तर ती अगदी सुटसुटीत आहे. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिच्यावर प्ले स्टोअरमधली अँड्रॉइड अॅप चालत नाहीत. टाकताना ती पूर्ण डिस्क पुसते, विंडोज शेजारी ठेवता येत नाही. आणि २०१० पूर्वीच्या हार्डवेअरवर ती नीट चालेलच असं नाही, हे गुगलच सांगतं.

२ जीबी, ६४-बिट : इथे लुबंटू चांगली. ती उबंटूचीच हलकी आवृत्ती असून एलएक्सक्यूटी डेस्कटॉप वापरते. दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती घ्यावी. तिला तीन वर्षं अपडेट मिळतात, तर मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. या गटात एका वेळी दोन-तीन टॅब एवढीच अपेक्षा ठेवावी.

१ ते २ जीबी किंवा ३२-बिट : इथे पर्याय झपाट्यानं कमी होत चालले आहेत. उबंटू परिवार आणि मिंटची मुख्य आवृत्ती ३२-बिटमधून केव्हाच बाहेर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. डेबियन १२ वर आधारलेली अँटीएक्स २३ मात्र ३२-बिटमध्ये मिळते आणि अशा यंत्रांवर बऱ्यापैकी चालते. दिसायला ती साधी आहे आणि सुरुवातीला थोडी सवय करावी लागते.

३२-बिटची दुसरी अडचण ब्राउझरची. ३२-बिट लिनक्सवर गुगल क्रोम २०१६ मध्येच बंद झालं. फायरफॉक्सचीही १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती ठरली. नवा ब्राउझर नसेल तर बँकेची कामं त्या यंत्रावर करूच नयेत. टायपिंग, गाणी, डाउनलोड केलेली पुस्तकं, मुलांचा टायपिंगचा सराव अशा ऑफलाइन कामांसाठी ते ठेवावं.

१ जीबीहून कमी : पपी लिनक्स आणि टायनी कोर ही या गटातली नावं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली पपी पेनड्राइव्हवरून सुरू होऊन बहुतेक सगळी रॅममध्येच चालते. टायनी कोरची साध्या डेस्कटॉपसह असलेली फाइल तर जेमतेम २३ एमबीची असते. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायला पपी उत्तम. पण ती मुळात पूर्ण अधिकार असलेल्या रूट खात्यानं चालते, म्हणून रोजच्या ऑनलाइन कामासाठी ती योग्य नाही.

भारतीय पर्यायही आहे. सी-डॅकनं विकसित केलेली बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेली असून भारतीय भाषांचा विचार करून बनवलेली आहे. ती घेताना मात्र चालू आवृत्तीचा डेस्कटॉप आपल्या रॅमला झेपतो का, हे आधी पाहावं.

काय चालणार नाही, हेही आधीच बघा

बहुतेक लोक नेमके इथे फसतात. सिस्टिम टाकून झाल्यावर लक्षात येतं की रोजचं कामच अडलं.

टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्सवर येत नाही. तिच्या जागी लिबरऑफिस मिळतं. पत्रं, अर्ज, साधे हिशेब यांत काही अडत नाही, पण गुंतागुंतीच्या एक्सेल फाइलमधले मॅक्रो बिघडू शकतात. जीएसटी किंवा ई-टेंडरसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे ते देणाऱ्याकडून विचारून घ्यावं. प्रिंटरचंही तसंच. एचपीच्या पुष्कळ प्रिंटरना लिनक्समध्ये चांगली साथ मिळते. काही जुन्या लेझर प्रिंटरना मात्र खास ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं किचकट असतं.

ज्याचा धंदाच टॅलीवर चालतो त्यानं डिस्क पुसू नये. विंडोज आणि लिनक्स दोन्ही शेजारी ठेवता येतात. कॉम्प्युटर सुरू करताना हवं ते निवडायचं. इंटरनेट लिनक्समध्ये आणि हिशेब नेट बंद ठेवून जुन्या विंडोजमध्ये, अशी वाटणी छोट्या दुकानासाठी पुरेशी ठरते.

मराठी टायपिंगचं काय?

युनिकोड मराठी लिनक्समध्ये व्यवस्थित दिसतं आणि टाइपही होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड बहुतेक सिस्टिममध्ये असतोच, सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी लेआउट जोडला की झालं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस आणि त्यासोबत एम१७एन हे पॅकेज टाकावं लागतं. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर नोटो किंवा लोहित हे फाँट टाकावेत.

खरी अडचण जुन्या फाइलींची असते. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. लग्नपत्रिका, संस्थेचे ठराव, जुन्या कविता अशा फाँटमध्ये असतील तर विंडोज काढण्याआधीच त्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि एक पीडीएफ प्रतही काढून ठेवावी.

आधी चाखून बघा, मग टाका

लिनक्सची मोठी सोय म्हणजे डिस्कला हात न लावता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. याला लाइव्ह मोड म्हणतात. त्याचे टप्पे असे :

१. सिस्टिमची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत वेबसाइटवरूनच डाउनलोड करावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक करून तिथे घुसखोरीचा कोड असलेल्या फाइलची लिंक लावली गेली होती. म्हणून वेबसाइटवर दिलेला एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा आपल्या फाइलशी जुळवून पाहावा.

२. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रुफस किंवा बलेना एचर या मोफत साधनानं त्यावर फाइल चढवावी. यात पेनड्राइव्हवरचा सगळा मजकूर जातो.

३. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यू उघडावा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ दाबावं लागतं. अँटीएक्स किंवा पपी सुरू होत नसेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावं लागू शकतं.

४. लाइव्ह मोडमध्ये अर्धा तास नीट वापरून बघावं. वायफाय लागतं का? आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेस चालतात का? झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का? पेनड्राइव्हवरून सगळं थोडं सावकाश चालतं, त्यामुळे वेगाचा निकाल इथे लावू नये.

वायफाय दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. काही जुन्या ब्रॉडकॉम चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू केलं की इंटरनेट मिळतं आणि मग ड्रायव्हर उतरवता येतो.

बॅकअप : ही पायरी गाळू नका

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला की डेस्कटॉप, डाउनलोड, डी ड्राइव्ह, सगळं जातं. एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग केलेले असतात, त्यामुळे "माझे फोटो तर डी मध्ये होते" या समजुतीला काही अर्थ नसतो. आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावं आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फोटो उघडून खात्री करावी. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क विसरू नयेत. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी.

सिस्टिमपेक्षा मोठा फरक पाडणाऱ्या गोष्टी

फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली तर जुना लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका बदलतो. रॅमचा एक स्लॉट रिकामा असेल तर तोही भरावा, पण डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर३एल हे प्रकार वेगवेगळे असतात. जुनी पट्टी दुकानात सोबत नेलेली बरी. दोन्हींचा खर्च मिळूनही नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या तुलनेत थोडाच असतो.

यूट्यूब अडखळत असेल तर दर्जा ४८०पी वर ठेवावा. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या प्रकारांत पाठवतं. जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन व्हिडिओ जुन्या प्रकारातच मागवतं, त्यानं हा भार हलका होतो. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हेही जुन्या यंत्रांना दिलासा देतं. रॅम कमी असेल तर झेडरॅम ही सोय चालू करावी. ती मेमरीतला मजकूर दाबून बसवते आणि थोडी जास्त जागा मिळवून देते.

एका गोष्टीपासून सावध

'विंडोज लाइट', 'सुपर फास्ट विंडोज' अशा नावांनी कापून-छाटून बनवलेल्या फाइल टेलिग्रामवर आणि व्हिडिओंखाली फिरत असतात. त्यात कुणी काय काढलं आणि काय घातलं, हे तपासायला सोपा मार्ग नसतो. अनेकदा सुरक्षा अपडेट आणि अँटिव्हायरसच काढून टाकलेले असतात. ज्या लॅपटॉपवर बँकेचा पासवर्ड टाइप होणार आहे, त्यात अशी फाइल टाकणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाकडे ठेवण्यासारखं आहे.

केव्हा थांबावं?

बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप वापरणं लगेच थांबवावं. ती दाबू नये, टोचू नये. मदरबोर्ड वारंवार बंद पडत असेल तर कोणतीही सिस्टिम उपयोगी नाही. तसं यंत्र भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवरही अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. देण्याआधी हार्ड डिस्क मात्र काढून घ्यावी.

थोडक्यात

४ जीबी रॅम असेल तर मिंट एक्सएफसीई, सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर क्रोमओएस फ्लेक्स. २ जीबी असेल तर लुबंटू. ३२-बिट असेल तर अँटीएक्स आणि तेही शक्यतो ऑफलाइन कामाला. डेटा वाचवायचा असेल तर पपी. टॅली किंवा डिजिटल सही लागत असेल तर विंडोज शेजारी ठेवूनच पुढचं पाऊल. दोन पर्यायांत मन अडलं तर दोन्ही पेनड्राइव्हवर चालवून पाहावेत आणि ज्याच्यात वायफाय, आवाज आणि मराठी विनासायास चाललं, तो घ्यावा. ज्याला तो लॅपटॉप रोज वापरायचा आहे, त्यालाच त्या अर्ध्या तासात समोर बसवावं, कारण शेवटी जमवून घ्यायचं असतं ते त्याला.